पंचकल्याणीचे पाय

घोड्याच्या पायाला गुडघ्याखाली मांस नसतं. हाड, ताणलेल्या कंडरा आणि त्यांच्यावर थेट कातडी. एवढं मोठं जनावर पळतं ते इतक्या उघड्यावाघड्या पायांवर. म्हणूनच तिथली लहानशी जखम लवकर भरून येत नाही, आणि तिच्यात घाण गेली की रातोरात सगळा पाय सुजतो.

त्यातही नाजूक जागा एकच. खुराच्या वर, मागच्या बाजूला, घोट्याखाली जो खोलगा असतो, ती. चालताना कातडी तिथे सतत दुमडते. लांब केसांखाली पाणी मुरतं, चिखल धरतो. शिंदखेडा तालुका तसा पावसाला पारखा; पण पाऊस आला की आमची काळी माती पायाला अशी चिकटते की माणसालाही चप्पल हातात घ्यावी लागते. घोडी मात्र त्याच चिखलात खुंटाला बांधलेली असते. आधी केसांच्या बुडाशी बारीक खपल्या दिसतात. मग पिवळसर लस येते, भेगा पडतात, आणि पहिली चार पावलं ती अवघडून टाकते. मालकाला वाटतं, नाल लागली असेल.

नदीपलीकडच्या सारंगखेड्याचा बाजार आम्हाला अंगणातलाच. दत्तजयंतीला, एकमुखी दत्ताच्या यात्रेत, लांबलांबून घोडे येतात. गिऱ्हाईक मारवाडी घोड्याचे आत वळलेले, टोकं जुळणारे कान बघतं, मानेवरचा देवमण बघतं, बाकीचे भोवरे तपासतं, चाल काढायला लावतं. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असला की ती पंचकल्याण. तिचा भाव वेगळा, आणि वरातीला मानही तिचाच. पण पांढऱ्या केसांखालची कातडी बहुधा गुलाबी असते. तिला उन्हाचा चटका आधी बसतो आणि ओलीचा त्रासही बऱ्याचदा तिलाच आधी होतो. ज्या पायांना आपण कुंकू लावतो, ते सगळ्यांत कोवळे असतात. हे मला कितीतरी उशिरा, एका जाणत्या म्हाताऱ्याच्या शेजारी बसल्यावर उमगलं.

त्यांना सगळे आप्पा म्हणत. उभा जन्म टांग्याच्या आणि वरातीच्या घोड्यांत गेलेला. मी विचारलं, "आप्पा, हिला कोणतं मलम लावता?" ते पायापाशी उकिडवे बसले होते. मान वर न करता म्हणाले, "दवाई मंग. पहिले पाय कोरडा ठेवना पडस, भाऊ."

मग त्यांचे हात बघत राहिलो. त्यांनी कात्रीने खोलग्यातले केस बेताने उतरवले. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं खपल्यांवर धरून ठेवलं. सुकी खपली त्यांनी एकही ओढली नाही. जी आपसूक सुटली तीच काढली आणि कागदात गोळा केली. तबेल्यात ती पडू द्यायची नाही. डॉक्टरांनी दिलेलं क्लोरहेक्सिडीनचं पातळ पाणी लावून दहा मिनिटं थांबले, धुऊन काढलं, आणि मग जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने पाय टिपायला घेतला. पुसणं नव्हे, टिपणं. एका पायाला इतका वेळ लागला की घोडीने डोळे मिटून घेतले. कातडी अगदी सुकल्यावर झिंकच्या मलमाचं बोट फिरवलं आणि स्वतःचे हात साबणाने धुतले.

खपलीचं एवढं सोवळं का, तर जंतू तिच्यातच दडून राहतो. डर्माटोफिलस काँगोलेन्सिस हे त्याचं नाव. १९१५ साली काँगोतल्या गुरांच्या कातडीवर तो ओळखला गेला. कोरड्यात तो निपचित पडून असतो, ओल मिळाली की जागा होतो. क्वचित माणसालाही लागतो. पण पायावरची प्रत्येक खपली त्याचीच असते असं नाही. घोडी पाय आपटते, दातांनी खाजवते, तेव्हा गोचिडीच्या जातीचे, पण डोळ्यांना सहज न दिसणारे बारीक किडे असू शकतात. वैशाखात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, माशा जखमेवर जंताच्या अळ्या सोडतात आणि ती जखम काही केल्या मिटत नाही. ही दुखणी घरच्या उपायाची नव्हेत. पाय चढता सुजला, ताप आला, तर तासभरही न थांबता डॉक्टरांना बोलवावं.

या सगळ्यावर गावोगाव एकच उपाय सांगितला जातो: गाडीचं जळकं ऑईल. तो बघितला की माझ्या पोटात कालवतं. भेगाळलेल्या कातडीवर ते काळं तेल चरचरतं, आणि खालची ओल कोंडून राहते. लावणाऱ्याच्या मनात माया असते हे मला कळतं. तरी ते लावू नये.

घोड्यांची ही निगा कुणाला हलकं काम वाटेल; पण पांडवांच्या अज्ञातवासात नकुल विराटाकडे ग्रंथिक नावाने घोडे राखायला राहिला. राजपुत्राने वेष बदलताना निवडलेलं ते काम मला फार मोठं वाटतं.

लग्नसराईत घोडी रोज कमावते. वरात मध्यरात्री संपते; मालक थकलेला, पायांवर गुलाल नि धूळ. तो बादलीभर पाणी ओततो आणि तिला तशीच बांधतो. तेवढं पाणी तरी टिपून घ्यावं, नाहीतर धूळ वाळू देऊन सकाळी खराऱ्याऐवजी मऊ ब्रशने झाडावी. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत मुहूर्त नसतात. तेव्हा हातात पैसा नसतो आणि चिखल मात्र तेव्हाच असतो. पण या दुखण्याला लागणारी मुख्य गोष्ट विकत घ्यावी लागत नाही. खुंटापाशी वीतभर उंच मुरमाचा ओटा धोपटायचा, पाणी वाहून जायला एका अंगाने उतार ठेवायचा, वर पत्रा टाकायचा, लीद दोनदा उचलायची. आप्पांनी तो ओटा मृगाच्या आधी घातला होता, आणि दरवर्षी घालत होते.