गंगेचं पाणी

आम्हा सायखेड्याच्या भावंडांना पाणी म्हटलं की आधी पूर आठवतो. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. 1969 साली ती घरात शिरली. होडी आम्ही पहिल्यांदा पाहिली ती तेव्हा, माणसं बाहेर काढताना. म्हणून 1978 च्या मे महिन्यात उन्हाळ कांद्याचे पैसे हाती आले आणि थोरले काका म्हणाले, "बोटीनं गोव्याला जाऊ," तेव्हा आजी दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

तरी आली. खेरवाडीहून पॅसेंजर, मग मुंबईत भाऊचा धक्का. अकरा माणसं, वळकट्या, दशम्यांचं गाठोडं, आणि आजीच्या हातात फडक्यानं तोंड बांधलेला तांब्या. त्यात काय आहे ते तिनं सांगितलं नाही.

आमच्या वाट्याला 'कोंकण शक्ती' आली. डेकवर जागा धरायची म्हणजे सतरंजी पसरून तिच्यावर एक पोर बसवायचं. गावी निघालेल्या चाकरमान्यांची खच्चून गर्दी होती. शेजारच्या मालवणच्या काकूंना आमची शेंगदाण्याची चटणी इतकी आवडली की त्यांनी लाडवांचा डबाच पुढे केला. धाकटी आत्या तासातासाला आमची डोकी मोजायची.

हर्णै, दाभोळ, जयगड... मधल्या बंदरांवर बोट खोल पाण्यातच थांबायची. अंधारातून कंदील लावलेले पडाव हिंदकळत येऊन बाजूला लागायचे आणि खलाशी लहान मुलं हातोहात खाली द्यायचे. आजी कठड्याला धरून बघत होती. धाकट्या बहिणीला म्हणाली, "पुरात तुला अशीच दिली व्हती मी, होडीतल्या माणसाच्या हातात." नऊ वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली.

सकाळी आग्वादचा किल्ला दिसला, बोट मांडवीत शिरली. पणजीत पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा, रंगीत घरं, संध्याकाळी मिरामारच्या वाळूवर जत्रेसारखी माणसं. समुद्राकडे पाहत आजीनं विचारलं, "आपली गंगा इथंच येऊन मिळती का रं?" काकांनी सांगितलं, नाही. ती त्र्यंबकला उगवते, तिथून हा समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर. पण ती याच्याकडे पाठ करून 1465 किलोमीटर पूर्वेला जाते, बंगालच्या उपसागराला.

आजीनं फडकं सोडलं. तांब्यात सायखेड्याच्या घाटावरचं पाणी होतं. गुडघाभर लाटांत उभं राहून तिनं ते समुद्राला दिलं आणि हात जोडले. पाण्यात ती स्वतःहून उतरलेली आम्ही तेव्हाच पाहिली.

1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. तोवर ती बोट बंद पडली होती. त्या रात्री डेकवर शेजारी शेजारी झोपलेल्या अकरा जणांपैकी आता आम्ही चौघं आहोत.