किबेराची वही

नैरोबीत किबेराबद्दल प्रत्येकाला काही ना काही सांगायचं असतं, पण तिथे पाऊल टाकलेला माणूस सहसा भेटत नाही. पार्कलँड्समधल्या ज्या गुजराती कुटुंबाकडे मी उतरले होते, तिथे रात्रीच्या जेवणानंतर हा विषय हमखास निघायचा. आफ्रिकेतली सर्वांत मोठी झोपडपट्टी, दहा लाखांची वस्ती, दिवसाढवळ्या लुटतात. “बेन, त्यापेक्षा नॅशनल पार्कात जा, सिंह तरी दिसतील,” असा यजमानांचा सल्ला होता.

दहा लाखांचा आकडा मी इतक्या जणांकडून ऐकला, की शेवटी शंका आली. २००९च्या जनगणनेत किबेराची लोकसंख्या भरली होती सुमारे १,७०,०००. मग उरलेले आठ लाख कुठून आले? देणग्या मागणाऱ्यांना मोठा आकडा सोयीचा, पुढाऱ्यांना सोयीचा आणि वर्तमानपत्रांना तर फारच. आपल्याकडे धारावीला ‘आशियातली सर्वांत मोठी’ ही पदवी अशीच चिकटली आहे. कुणी मोजायला जात नाही.

गंमत म्हणजे किबेराची खरी माहिती असलेली बाई त्याच घरात रोज सकाळी चपात्या लाटत होती. ती पश्चिम केनियातली, लुह्या समाजाची, आणि किबेरातल्या गत्वेकेरा भागात राहणारी. मी ओट्यापाशी उभी राहून तिला विचारलं, तर ती म्हणाली, “रविवारी या मॅडम. आमच्या चामाची बैठक आहे.” चामा म्हणजे आपली भिशी आणि बचत गट यांच्या मधलं काहीतरी, एवढं मला ठाऊक होतं. यजमानीणबाईंनी कपाळाला आठी घातली, पण डब्यात ठेपले भरून दिले.

रविवारी आम्ही दोघी शहरातून न्गोंग रस्त्याने जाणाऱ्या मटाटूत बसलो. मटाटू म्हणजे प्रवासी व्हॅन. आतलं संगीत एवढं मोठं, की कंडक्टर पत्र्यावर हात आपटूनच ड्रायव्हरला थांबायला सांगतो. उतरलो ते तोई बाजारापाशी. हा जुन्या कपड्यांचा बाजार. युरोप-अमेरिकेत टाकून दिलेले कपडे गठ्ठे बांधून मोंबासा बंदरात उतरतात आणि इथे येऊन फुटतात. याला म्हणायचं मितुंबा. पार्कलँड्समधल्या तरुण मुलीही इथेच येऊन जीन्स घेतात, असं बाईने मला हसत हसत सांगितलं. म्हणजे किबेराच्या उंबरठ्यापर्यंत सगळेच येतात तर.

बाजार संपला की वस्ती सुरू होते आणि वस्तीतून रेल्वे जाते. मीटर गेजची एकेरी लाइन. मोंबासाहून निघालेला हा लोहमार्ग १९०१ साली व्हिक्टोरिया सरोवराकाठी पोचला. तो घालायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर करारावर आणले होते, बहुतेक पंजाबातले. त्यांतले जवळजवळ २,५०० जण कामावरच मेले. लाइन झाल्यावर पुष्कळसे परत गेले. जे राहिले त्यांच्यात नंतर आलेल्या दुकानदारांची भर पडली आणि आजचा केनियातला ‘मुहिंदी’ समाज झाला. किबेराची पहिली वस्तीही इंग्रजांनीच बसवलेली: विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या फौजेतल्या सुदानी सैनिकांना इथल्या जंगलात जागा दिली, पण मालकीचा कागद दिला नाही. त्या नुबियन कुटुंबांच्या वंशजांना २८८ एकरांचा कागद मिळाला तो २०१७ साली. बाकीची जमीन सरकारची, झोपड्या उभारणारे घरमालक वेगळे, आणि राहणारे बहुतेक भाडेकरू. मातीच्या भिंती, वर पत्रा, आत दहा बाय दहा. खोलीचं हे माप मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

सकाळी याच रुळांवरून माणसांची रांग औद्योगिक वसाहतीकडे चालत जाते. मटाटूचं भाडं परवडत नाही म्हणून पायी. गेटवर त्या दिवसापुरतं काम मिळालं तर ठीक, नाही तर तसंच परत. रविवार असल्याने ती रांग नव्हती. रुळांच्या कडेला चांभार, मोबाइल दुरुस्त करणारे, मक्याची कणसं भाजणाऱ्या बायका आणि चर्चमधून घरी निघालेली इस्त्रीच्या कपड्यांतली कुटुंबं होती.

गोऱ्या पाहुण्यांमागे इथली पोरं ‘हाऊ आर यू’ असा एका सुरात घोष लावतात. मला पाहून त्यांचा थोडा गोंधळ उडाला. मग एकाने ठरवलं, ‘मुहिंदी!’ आणि बाकीच्यांनी तेच उचललं. पण त्या हाकेला गोऱ्यांच्या वाट्याला येणारं कुतूहल नव्हतं. मुहिंदी म्हणजे दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला किंवा कारखान्याच्या गेटवर हजेरी घेणारा माणूस. बाकावर बसलेल्या एका म्हातारीने मला न्याहाळून सरळ विचारलं, “तुझा कारखाना कुठला?” माझ्याबरोबरच्या बाईने भराभर काहीतरी सांगितलं. म्हातारी फारशी पटल्यासारखी दिसली नाही. तिचा मुलगा अशाच कुठल्या तरी गेटवर वर्षं काढून आला असणार. मला तिचा राग आला नाही, आणि त्या दिवशी कॅमेराही पिशवीतच राहिला.

किबेरात काहीही किलोने विकलं जात नाही. टपरीवर तेल छोट्या मापाने, साखर चिमूटभर पुडीत, कोबी पाव. याला तिथे ‘कडोगो’ म्हणतात. दिवसाची मजुरी त्या दिवशीच मिळते, तेव्हा महिन्याचं सामान भरणार कोण? अर्थात असं घोटाघोटाने घेतलेलं तेल डब्याच्या तेलापेक्षा महाग पडतं. गरिबाला सगळं महागच मिळतं, हे अर्थशास्त्र मुंबईतही तेच आहे. भाजीवालीला ‘मामा म्बोगा’ म्हणतात. आम्ही थांबलो तिथल्या मामाने सुकुमा विकीची, म्हणजे तिथल्या रोजच्या हिरव्या पालेभाजीची जुडी मुठीत घट्ट धरली आणि गिऱ्हाइकाशी बोलता बोलता अशी बारीक चिरली, की मी बघतच राहिले. चिरण्याचे वेगळे पैसे नाहीत. शेजारी कोपरे दुमडलेली एक वही होती. उधारीची. गिऱ्हाईक वर्षानुवर्षांचं असेल तर आठवडाभर चालतं, नवीन असेल तर नाही.

पाणी वीस लिटरच्या पिवळ्या कॅनमधून. पूर्वी नळ्या जमिनीवरून, गटारांतूनच गेलेल्या असत. त्या फुटत किंवा मुद्दाम फोडल्या जात, कारण पाणी विकणाऱ्यांच्या टोळ्यांना टंचाई हवीच असते. केनेडी ओडेडे हा किबेरातच वाढलेला तरुण. त्याने २००४ साली सुरू केलेल्या शोफ्को या संस्थेने नळ्या खांबांवरून डोक्याच्या वर नेल्या. उपाय बघितला तर साधा, पण वस्तीत न राहिलेल्या माणसाला सुचणं कठीण. तसेच इथले बायोसेंटर: खाली संडास, मैल्यापासून गॅस, त्या गॅसवर थोडे पैसे देऊन स्वयंपाक, आणि वरच्या मजल्यावर सभेची खोली. मी वरच्या खोलीपर्यंत जाऊन आले. खाली कुणाचं तरी घेवड्याचं पातेलं रटरटत होतं आणि वास फक्त घेवड्याचा होता.

चामाची बैठक मात्र चर्चच्या पत्र्याच्या खोलीत होती. पंधराएक बायका, बाकड्यांवर दाटीने. आधी प्रार्थना, लगेच दंड. उशिरा आलेलीला दंड, जिचा फोन वाजला तिला दंड, मध्ये बोलली तिलाही. बोलणाऱ्या दोघी माझ्याविषयीच कुजबुजत होत्या, त्यामुळे तो दंड एका अर्थी माझ्या नावावर पडला. मग लोखंडी पेटी टेबलावर आली. तिला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन जणींकडे, म्हणजे एकटीला उघडता येऊ नये. हप्ते टेबलावर पडले, दोघींनी मोठ्याने मोजले, तिसरीने जाड पुठ्ठ्याच्या वहीत लिहिले. त्या आठवड्याची पाळी जिची, तिच्या हातात एक रक्कम गेली. उरलेल्यातून कर्जं. व्याज महिन्याला दहा टक्के. ऐकून मी चमकले, पण ते व्याज वर्षाखेरीस याच बायकांत वाटलं जातं.

खरी बैठक त्यानंतर. एक तरुण मुलगी उभी राहिली. ती ‘म्गोंगो वाझी’ तळून विकते. व्हिक्टोरिया सरोवरातल्या मोठ्या माशांचे काटे काढलेले तुकडे परदेशी जातात. मागे उरतो डोक्या-शेपटीसकट सांगाडा, तो तळून इथे खातात. तिचं आधीचं कर्ज फिटलेलं नव्हतं आणि मुलाच्या शाळेसाठी दुसरं हवं होतं. समोरच्या एका जाड बाईने आवाज चढवला. तिचं बोलणं मला ओळीओळीने सांगितलं गेलं: शाळा सगळ्यांच्याच मुलांना आहे, पेटी कुणा एकीची नाही. मुलगी रडली. कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही. बऱ्याच वेळाने दोघी उठल्या आणि म्हणाल्या, आम्ही जामीन. वहीत त्यांची नावं लिहिली गेली, मुलीने अंगठ्याजवळचा ओला डाग पुसून सही केली, पैसे मोजले गेले. जामीन राहिलेल्यांत ती जाड बाईही होती.

परदेशी पाहुण्यांच्या लिखाणात किबेरातली माणसं ‘गरीब पण आनंदी’ असतात. मला हे वाचून नेहमी चीड येते. त्या खोलीत आनंद वगैरे फारसा नव्हता. हिशेब होता, आणि तो न ठेवून चालणार नाही याची पक्की जाण होती. आजारपण आलं तर विमा नाही, घर पाडलं तर भरपाईची खात्री नाही. २०१८च्या जुलैमध्ये वस्तीतून रस्ता काढायला हजारो लोकांची घरं आणि त्यांच्याबरोबर शाळाही पाडल्या गेल्या; तो रस्ता आज गुळगुळीत आहे. अशा ठिकाणी शेजाऱ्याशी पैशाने बांधलेलं असणं हीच ठेव.

या वहीचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९८६च्या सुमारास भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांचे ‘महिला मिलन’ गट उभे राहिले. त्यांच्या पाठीशी होते मानखुर्दच्या जनता कॉलनीतून पुढे आलेले जोकिन अर्पुथम. रोज थोडी का होईना, पण बचत दारोदार जाऊन जमवायची, ही त्यांची रीत. ती झोपडपट्टीवासीयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघातून आफ्रिकेत गेली, आणि केनियात १९९६ साली सुरू झालेल्या ‘मुउंगानो वा वानाविजिजी’ या संघटनेने उचलली. तोई बाजारातल्या विक्रेत्यांचा रोजच्या बचतीचा गट तिच्यातलाच. पुढे रुळांलगतची घरं हलवायचं ठरलं तेव्हा रेल्वेचे अधिकारी आणि वस्तीतली माणसं मुंबईतलं पुनर्वसन पाहायला आली होती. चामातल्या बायकांना मी भायखळ्याचं सांगितलं, तर खजिनदारीण म्हणाली, “तिथेही व्याज दहा टक्केच का?” मला उत्तर देता आलं नाही.

२००७च्या डिसेंबरातल्या निवडणुकीनंतर उसळलेल्या दंगलींत हाच तोई बाजार जळाला. देशभरात हजाराहून अधिक माणसं मेली. किबेरात लुओ, लुह्या, किकुयू, नुबियन असे वेगवेगळे समाज एकमेकांना खेटून राहतात, तिथे शेजारच शत्रू झाला. रूळ उखडले गेले. सोलो सेव्हन या किबेरातल्याच चित्रकाराने त्या दिवसांत भिंतींवर, जळक्या पत्र्यांवर शांततेच्या घोषणा रंगवल्या. तोईच्या विक्रेत्यांनी राखेवर पुन्हा गाळे आखले. मी बाईला विचारलं, तेव्हा तुमच्या चामाचं काय झालं? ती चालता चालताच म्हणाली, “दोघी किकुयू होत्या, इथल्याच लाइनी साबा भागातल्या. पळून गेल्या. त्यांचे पैसे पेटीत होते.” मग? “मग काय, सगळं शांत झाल्यावर एम-पेसाने, मोबाइलवरूनच, पाठवले. व्याज नाही दिलं. त्या बैठकीला नव्हत्या ना.” त्या परत आल्या का, हेही विचारलं. नाही आल्या.

परतताना गल्लीच्या तोंडाशी ताडपत्रीचा मांडव, खुर्च्या आणि कर्णा दिसला. एका लुओ गवंड्याचा मृत्यू झाला होता. मृतदेह सियायाला, त्याच्या मूळ गावी न्यायचा. नैरोबीत पुरणं घरच्यांना मान्य नसतं. शवागाराचं भाडं दिवसागणिक चढतं, शवपेटी, गाडी, सोबत जाणाऱ्यांचं जेवण. टेबलाशी बसलेला पोरगा फोनवर गटातल्या वर्गणीची यादी पुढे सरकवत होता: क्रमांक, नाव, रक्कम, आणि दर चार-पाच नावांनंतर एकूण बेरीज. बाईने शंभर शिलिंग दिले. यादीत मला एक किकुयू आडनाव दिसलं, कोपऱ्यावरच्या रॉकेलवाल्याचं. मी बोट दाखवलं तशी ती म्हणाली, “त्याची आई गेली तेव्हा या गवंड्याने दिले होते.”

मीही नोट पुढे केली. पोराने नाव विचारलं, दोनदा म्हणवून घेतलं, मग फोन नंबर मागितला.

“नंबर कशाला?”

“तुमच्याकडे कुणी गेलं तर आम्हाला कळायला नको?”

मी मुंबईचा नंबर सांगितला. त्याने आधी ‘अधिक एक्क्याण्णव’ नीट लिहून घेतलं, बेरीज केली आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे हात पुढे केला.