जुनेर

आजीचं लुगडं कधी टाकून दिल्याचं मला आठवत नाही. नऊवारी, सुती. अंगावर विरत गेलं की त्याचं जुनेर व्हायचं आणि जुनेराची वाटणी ठरलेली असायची. काठाकडचा दणकट भाग गोधडीला. मधला भाग, घरात बाळंतीण असेल तर, दुपट्यांना आणि लंगोटांना. सगळ्यांत विरलेला, हाताला सायीसारखा लागणारा तुकडा मात्र आजी कुणाला देत नसे. कडेला दातांनी चीर पाडून ती तो फाडायची, टर्र असा लांब आवाज यायचा आणि त्याच्या घड्या कणगीमागच्या गाठोड्यात जायच्या. ते गाठोडं कशासाठी, हे मला १९८५ मध्ये, तेरा वर्षांची असताना कळलं. तोवर एवढंच माहीत होतं, की आईला महिन्यातून एकदा कावळा शिवतो आणि मग ती पडवीत बसते.

पिंपळगाव रेणुकाई हे भोकरदन तालुक्यातलं आमचं गाव. मिरचीच्या बाजारासाठी ते ओळखलं जातं. शिवारात मिरची, कपाशी, मका. गावाच्या नावातच देवी आहे, पण त्या चार दिवसांत देवळाच्या वाटेला जायचं नाही. लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. पापड लाटायला बसायचं नाही, तळताना ते लाल पडतात म्हणायचे. मिरची तोडायला मात्र जावंच लागे, कारण तोडणीचे पैसे किलोवर आणि घरी बसलं की तेवढे बुडाले. बरणीतल्या मिरचीला हात लावायचा नाही आणि झाडावरची दिवसभर वाकून तोडायची, याचा मला तेव्हा राग यायचा. आजही येतो. उघड्या रानात आडोसा नसायचा. सकाळी घेतलेली घडी संध्याकाळी घरी आल्यावरच सुटायची आणि मिरचीनं पेटलेल्या हातांनी ती सोडणं काय असतं, हे ज्या बाईनं केलंय तिलाच माहीत.

घडी धुवायची ती पहाटे, अंधारात, न्हाणीत. वाळत घालायची परकराखाली, कुणाला दिसणार नाही अशी. पावसाळ्यात ती वाळतच नसे, मग ओलसरच पुन्हा घ्यायची. मांड्या सोलून निघायच्या, त्यावर आई खोबरेल लावायला द्यायची. पुढे सगळे कपड्याला नावं ठेवू लागले, तेव्हा मला नेहमी वाटायचं, की दोष त्या सुताचा नव्हता. आजीच्या घडीला रोजचं कडक ऊन मिळालं असतं, तर तिनं आम्हाला काही केलं नसतं.

त्याच वर्षांत आमच्या घरात आणखी एक बदल झाला. आईनं सुती सोडून नायलॉनच्या पाचवारी साड्या घ्यायला सुरुवात केली. धुवायला सोप्या, चटकन वाळणाऱ्या, वर्षानुवर्षं न फाटणाऱ्या. गल्लीतल्या सगळ्याच बायकांचं तसं झालं. पण त्या साडीचं जुनेर होत नाही. फाटली तरी ती पाणी पीत नाही, जागेवर राहत नाही, घसरते. आजी गेली, तिच्या शेवटच्या लुगड्याचं गाठोडं संपत आलं आणि आम्ही बहिणी वडिलांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यांवरून भांडू लागलो. गावात पॅड यायच्या आधीच घरातला कपडा संपला होता. कंपन्यांनी नसलेली गरज तयार केली असं कुणी म्हणालं, की मला ते धोतर आठवतं.

१९८९ मध्ये मी औरंगाबादला कॉलेजात गेले. वसतिगृहात मुंबईची एक मैत्रीण होती, तिनं मला चिकटपट्टीचं पॅड कसं लावायचं ते दाखवलं. तिच्या मोठ्या बहिणीच्या वेळी कमरेला इलॅस्टिकचा पट्टा बांधून त्यात पॅड अडकवावं लागायचं, हेही सांगितलं. त्या रात्री, त्या दिवसांत मी पहिल्यांदा निवांत झोपले. ते सुख मी कधी नाकारणार नाही.

पण विकत आणणं अवघड होतं. औषधाच्या दुकानात पुरुष गिऱ्हाईक असलं, की मी रस्त्याच्या पलीकडे थांबायचे. दुकान रिकामं झालं की जाऊन नुसतं बोट दाखवायचे. दुकानदारही न बोलता पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळायचा, दोरा बांधायचा, वर काळी पिशवी. आईचा परकर आणि ही पिशवी यांत मला काही फरक वाटेना.

हे आपल्याकडचंच असेल असं मला वाटायचं. मग वाचलं, की पहिल्या महायुद्धात कापूस कमी पडला, तेव्हा अमेरिकेतल्या किंबर्ली-क्लार्क कंपनीनं जखमा बांधायला लाकडाच्या लगद्याचं सेल्युकॉटन पुरवलं. लष्करी इस्पितळांतल्या नर्सनी ते पाळीसाठी वापरून पाहिलं. युद्ध संपल्यावर, १९२० मध्ये, त्याचंच 'कोटेक्स' बाजारात आलं. नाव बनवलं ते कॉटनसारखा पोत, यावरून. पण तिथल्या बायकाही दुकानदाराकडे ते तोंडानं मागेनात. मग दुकानात दोन डबे ठेवले गेले. एकातून पाकीट उचलायचं, दुसऱ्यात पैसे टाकायचे. हे वाचताना मला माझं ते बोट आठवलं. कंपनीनं आमची लाज जन्माला घातली नव्हती, पण ती तिनं बरोबर ओळखली आणि पाकिटाबरोबर परत आम्हालाच विकली. आपल्याकडे सगळ्यांत जास्त खपलेल्या ब्रँडांपैकी एकाचं नावच 'व्हिस्पर', म्हणजे कुजबुज.

सुट्टीत घरी आले, की टीव्हीवर त्या जाहिराती लागायच्या. पांढऱ्या पँटमधली मुलगी उड्या मारायची आणि पॅडवर निळं पाणी ओतलं जायचं. आई लगेच स्वयंपाकघरात उठून जायची, वडील पेपर वर धरायचे. माझ्या धाकट्या भावाला कितीतरी वर्षं वाटायचं, की ती शाईची जाहिरात आहे. २०१४ मध्ये त्याच 'व्हिस्पर'नं मुलीला लोणच्याच्या बरणीला हात लावायला सांगणारी जाहिरात केली, तिला पुढच्या वर्षी कानच्या जाहिरात महोत्सवात मोठा पुरस्कार मिळाला. मला ती मनापासून आवडली. पण मिरचीच्या रानात आडोसा आणि पाणी हवं, हे कोणत्याही जाहिरातीत आलेलं मी पाहिलं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २०१८ च्या महिला दिनी राज्य सरकारनं 'अस्मिता' योजना सुरू केली, मुलींना ८ पॅडचं पाकीट ५ रुपयांत, बचत गटांमार्फत. त्याच्या आदल्या वर्षी पॅडवर १२ टक्के जीएसटी लागला होता. कुंकू आणि बांगड्या करमुक्त, आणि हे नाही. देशभरातल्या बायका भांडल्या, तेव्हा जुलै २०१८ मध्ये तो कर गेला. पाकिटं आली तेव्हा मी आठवीच्या मुलींना वर्गात बसवलं. मुलांना बाहेर पाठवलं नाही, तीही बसली. एक पॅड कात्रीनं उभं कापलं आणि आतला भाग सगळ्यांच्या हातात दिला. शेतकऱ्यांची पोरं ती. एका मुलीनं बोंडातला कापूस पाहावा तसा तो चिमटीत धरून ओढला आणि म्हणाली, "मॅडम, हा कापूस नाही. याला तार नाही."

तार नव्हतीच. तो लाकडाचा लगदा होता, त्यात पाणी धरून ठेवणारे पॉलिमरचे दाणे, खाली प्लॅस्टिकचा पापुद्रा. जिथली कपाशी गाड्या भरभरून जिनिंगला जाते, तिथल्या मुलींच्या वाट्याला शंभर वर्षांपूर्वी कापसाला पर्याय म्हणून निघालेलीच वस्तू आली. मागून एका मुलानं विचारलं, "मग वापरून झाल्यावर हे कुठं टाकायचं?" मला उत्तर देता आलं नाही. गावात काही जणी जाळतात, काही नाल्यात टाकतात, काही उकिरड्यावर. कुत्री ते ओढून रस्त्यावर आणतात. आजीची घडी मातीत पुरली की मातीच व्हायची.

माझी मुलगी पुण्यात असते. तिच्याकडून कळलं, की तिथल्या 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बायकांनी २०१३ मध्ये वापरलेली पॅडं कंपन्यांनाच पार्सल करून पाठवली होती, कारण ती उघड्या हातांनी वेगळी करावी लागत. आता शहरातल्या मुलींनी कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, असं सांगतात. मुलगी स्वतः पाळीसाठी कप वापरते. मला तो जमला नाही. सुती घडीचं पॅडही तिनं मला आणून दिलं होतं, रंगीत, बटणं लावलेलं. ते हातात घेऊन मी बराच वेळ बसले. माझी पाळी तोवर थांबत आली होती.

गेल्या दिवाळीत आई जुने कपडे काढून बसली होती. ऐंशी उलटलेली, नजर कमी झालेली. कुठल्याशा ट्रंकेत आजीचं एक लुगडं निघालं, पार विरलेलं. आईनं ते मांडीवर पसरलं, बोटांनी चाचपत काठाकडचा भाग गोधडीसाठी बाजूला केला, मग मधला मऊ तुकडा दातांनी चिरला आणि फाडला. तोच लांब आवाज. "आई, आता हे कुणाला लागतंय?" मी विचारलं. ती घड्या घालत राहिली.

"ठेव," म्हणाली. "आणि वाळत घालशील तर गच्चीवर घाल."