सातशे रुपयांचं हेल्मेट

आमच्याकडे पेपर टाकणाऱ्या मामांना आता चहाचा वास येत नाही.

गेल्या जुलैतली गोष्ट. पहाटे पाचची वेळ, रिपरिप पाऊस, हँडलला दोन्ही बाजूंनी पेपरच्या पिशव्या. आमच्या सोसायटीच्या पुढच्या वळणावर ड्रेनेजचं एक झाकण आहे, रस्त्यापेक्षा दोन बोटं वर आलेलं. ओल्या लोखंडावर चाक घसरलं आणि मामा आडवे झाले. डोकं फुटपाथच्या कडेवर. मागून ट्रक आला नव्हता, कुणी कट मारला नव्हता. वेग असेल ताशी बारा-पंधरा किलोमीटर.

आठ दिवस दवाखाना झाला. टाके निघाले, हात जुळला. पण डोक्याला मार बसला की वासाच्या नाजूक नसा तुटू शकतात, तसं त्यांचं झालं. डॉक्टर म्हणाले, येईलही परत, नाहीही येणार. मामी सांगत होत्या, "दूध नासलं तरी ह्यांना कळत नाही. गॅस चालू राहिला तर काय करायचं हो?"

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझंच जुनं वाक्य: "सायकलला कसलं आलंय हेल्मेट!" २०१९ च्या सुरुवातीला पुण्यात हेल्मेटसक्तीवरून रान पेटलं होतं, तेव्हा मीही कट्ट्यावर तावातावानं बोलणाऱ्यांत होतो. ती सक्ती स्कूटर-मोटारसायकलवाल्यांसाठी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये सायकल येतच नाही. म्हणजे सायकलवर हेल्मेट घालायचं की नाही, हे आपलं आपण ठरवायचं. मी ठरवलंच नव्हतं. माझी मुलगी आठवीत आहे. शाळा आणि क्लास धरून रोज सात-आठ किलोमीटर सायकल चालवते, तीही त्याच झाकणावरून.

मामांना दवाखान्यात भेटून आलो आणि त्याच संध्याकाळी बाजारात गेलो.

पहिल्या दुकानात दोन टोकं दिसली. एका बाजूला साडेतीनशेचं, चकचकीत, वर कार्टून. दुसऱ्या बाजूला साडेचार हजारांचं. दुकानदार म्हणाला, "साहेब, डोक्याच्या बाबतीत पैसे बघायचे नाहीत." बायको हळूच म्हणाली, "अहो, सायकलच पाच हजारांची आहे." दोघांचंही खरं वाटत होतं. काही न घेता घरी आलो आणि चार दिवस याच विषयाच्या मागे लागलो. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडतो. आपल्यापैकी बरेच जण याच पेचात असणार.

आधी हेल्मेट करतं काय, ते. वरच्या प्लॅस्टिकच्या कवचापेक्षा मोठं काम आतला फोम करतो. तो थर्माकोलच्याच जातीचा, पण जास्त घट्ट दाबलेला. डोकं आपटतं तेव्हा तो फोम चेपतो, म्हणजे डोकं एका झटक्यात थांबण्याऐवजी किंचित जास्त वेळ घेऊन थांबतं. जीव वाचतो तो त्या किंचित वेळामुळे. फोम एकदा चेपला की परत फुगत नाही. म्हणून एक जोराचा आपट बसला, की बाहेरून धड दिसलं तरी ते हेल्मेट बाद. आणि म्हणूनच कुणाचं वापरलेलं घेऊ नये. त्यानं काय काय सोसलंय, ते आपल्याला दिसत नाही.

मग पैसे कशाचे? बऱ्याच अंशी वजनाचे, वाऱ्याच्या छिद्रांचे, ब्रँडचे आणि रंगरूपाचे. महागातल्या काहींमध्ये मिप्स नावाचा सरकणारा पातळ थर असतो. डोकं तिरकं आपटल्यावर मेंदूला बसणारा पीळ कमी करण्यासाठी तो असतो. परवडत असेल तर जरूर घ्या. पण किंमत वाढली की सुरक्षा तेवढीच वाढते, असं गणित नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाची प्रयोगशाळा हेल्मेटं आपटून त्यांना तारे देते. त्या यादीत काही स्वस्त हेल्मेटं महागड्यांच्या वर आहेत.

स्वस्ताची भीती नाही, भीती आहे ती चाचणी न झालेल्याची. हा फरक आतल्या लेबलवर कळतो. हेल्मेट उलटं करा. युरोपचं मानक असेल तर 'ईएन १०७८' असा आकडा इंग्रजीत छापलेला असतो. सोबत बनवणाऱ्याचं नाव, डोक्याचं माप सेंटिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये आणि बनवल्याचं वर्ष. अमेरिकेचं असेल तर 'सीपीएससी'. तिकडे १९९९ पासून बनलेल्या प्रत्येक सायकल हेल्मेटला ही चाचणी सक्तीची आहे. नुसतं 'सीई' बघून फसू नका, ते मोबाइलच्या चार्जरवरही असतं. त्या साडेतीनशेच्या हेल्मेटमध्ये बोट घालून पाहिलं, तर फोमच्या जागी पातळ स्पंज होता. लेबल नाही, माप नाही. ती टोपी होती.

"मग घरातलं स्कूटरचंच का नको?" हा प्रश्न आमच्याकडेही आला. आयएसआय मार्कचं हेल्मेट मोटारच्या दुचाकीसाठी चांगलंच. पण त्याचं वजन किलोच्या आगेमागे, कान झाकलेले, वारा कमी. पायडल मारत चढ चढणारी मुलगी दुसऱ्या दिवशी ते घरी ठेवणार. सायकलचं हेल्मेट साधारण पाव किलो ते साडेतीनशे ग्रॅम असतं, डोक्यावर आहे हे विसरायला होतं.

किमतीपेक्षा महत्त्वाचं आहे माप. शिंप्याची टेप भुवईच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, डोक्याभोवती फिरवा. मुलीचं माप ५४ आलं. "वाढतं वय आहे, एक नंबर मोठं घ्या," हा सल्ला बुटाला ठीक, हेल्मेटला नाही. सैल हेल्मेट पडताना मागे सरकतं आणि कपाळ उघडं पडतं. घातल्यावर पुढची कड भुवईच्या वर दोन बोटांवर हवी, गणपतीला मुकुट घालतात तशी मागे कललेली नको. कानाखाली दोन्ही पट्ट्या इंग्रजी व्हीसारख्या जुळायला हव्यात. हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकीच जागा. मागची चकती घट्ट करा आणि पट्टा न लावता मान हलवून बघा. हेल्मेट डोक्याबरोबर हललं तर बरोबर, वेगळं हललं तर दुसरं बघा. हे दुकानातच करा, ऑनलाइन मागवलं तर परत करता येईल असंच मागवा. आणि लहान पोरं सायकलवरून उतरून घसरगुंडीवर किंवा झाडावर चढणार असतील, तर आधी हेल्मेट काढायला लावा. पट्टा अडकून गळफास बसू शकतो.

शेवटी दुसऱ्या दुकानात सातशे रुपयांत मिळालं. लेबल पूर्ण, फोम बोटभर जाड, रंग भडक पिवळा. मुलीला काळा हवा होता. पहाटे आणि संध्याकाळी पिवळाच दिसतो, एवढ्यावर मी अडून बसलो.

आता कुणी म्हणेल, आधी रस्ते नीट करा. शंभर टक्के मान्य. सायकल हेल्मेटची युरोपातली चाचणी साधारण दीड मीटरवरून पडण्याची, म्हणजे ताशी वीसेक किलोमीटरच्या आपटीची आहे. डंपरनं उडवलं तर हेल्मेटकडून फार अपेक्षा ठेवू नका. एकेकाळच्या सायकलींच्या शहरात सायकल ट्रॅकवर टपऱ्या आणि पार्क केलेल्या गाड्या आहेत, आणि ते झाकण अजून दोन बोटं वरच आहे. तीन वेळा तक्रार केली, चौथी करणार. पण मामांसारखं स्वतःहून घसरून पडणं, हे बरोबर हेल्मेटच्या आवाक्यातलं पडणं आहे. झाकण बसेपर्यंत डोकं उघडं ठेवण्यात काही शहाणपण नाही.

आणखी एक गोष्ट खटकते. हेल्मेट घातलेले सायकलस्वार आठवून बघा. रविवारी सिंहगडाकडे जाणारे, महागड्या सायकलींवरचे. पेपरवाले, रात्रपाळीचे वॉचमन, बांधकामावर जाणारे लोक रोज, अंधारात, ओझं घेऊन सायकल चालवतात, त्यांच्या डोक्यावर कधी पाहिलंय? सातशे रुपये त्यांच्यासाठी थोडे नाहीत. आपण दिवाळीला पोस्त देतोच. यंदा आमच्या मजल्यावरच्या चार घरांनी नेहमीच्या पोस्तीशिवाय दोनशे-दोनशे काढले आणि मामांना हेल्मेट घेतलं. पोस्त कापून नाही, हे मुद्दाम सांगतो.

मामांचं माप ५७. आधी म्हणाले, "साहेब, लोक हसतील." तीन दिवस घातलं, मग ते हँडलला लटकलेलं दिसलं. मी जरा रागावूनच विचारलं, तर कळलं की आत माकडटोपी घालत होते, त्यामुळे कपाळाला रुतत होतं. मागची चकती कशी सैल करायची, ते मी दाखवलंच नव्हतं. पातळ रुमाल बांधून, चकती फिरवून परत बसवलं.

परवा पहाटे गॅलरीत होतो. मामा त्या झाकणापाशी उतरले, सायकल हातानं पुढे ढकलली आणि पुन्हा बसले. डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं. खालूनच म्हणाले, "घाम लई येतो ह्याच्यात." मी म्हटलं, "येऊ द्या. चहा टाकलाय, वर या."