गब्बर सगळ्यांचा, अहमद कुणाचा?

आमच्या गल्लीतल्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. दुसरी-तिसरीच्या मुलांची वेशभूषा स्पर्धा. एक शिवाजी महाराज, एक झाशीची राणी, दोन डॉक्टर, एक भाजीवाली आणि तीन गब्बरसिंग. तिघांच्याही गालांवर आईच्या काजळपेन्सिलीनं काढलेली दाढी, हातात वडिलांचा पट्टा. तिसरा स्टेजवर आला, त्यानं पट्टा फरशीवर खरवडत फेरी मारली आणि माणसं किती होती असं विचारून मोठ्यानं हसला. सगळा हॉल हसला. माझ्या शेजारी बसलेल्या एका आजी पदर सावरत म्हणाल्या, "अगंबाई, किती गोड गब्बर!"

गोड? सिनेमातला गब्बर ठाकूरच्या घरातल्या सगळ्यांना गोळ्या घालतो आणि शेवटी त्या स्टेजवरच्या पोराएवढ्या नातवालाही सोडत नाही. हे त्या आजींना माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्या पिढीनं "शोले" टॉकीजमध्ये दोन-दोन, तीन-तीनदा पाहिलेला आहे. तरीही त्यांना गब्बर गोड वाटला, आणि त्यात त्या एकट्या नाहीत.

सिनेमा पाहावा की पाहू नये यावर आपल्या घराघरांत मतभेद आहेत, या मासिकाच्या वाचकांतही असतील. तो वाद मी इथं काढत नाही. पण जे सिनेमा पाहत नाहीत त्यांच्याही कानावर गब्बर गेलेला आहे. माझे मामू गावच्या मशिदीत बांग देत. काचबिंदूनं त्यांची नजर गेलेली. टॉकीजची पायरी त्यांनी जन्मात चढली नाही. तरी गब्बर त्यांना पाठ होता, कारण त्या काळी लग्न असो, उरूस असो, नाहीतर हॉटेलचं उद्घाटन, भोंग्यावर "शोले"च्या संवादांची तबकडी लागायचीच. त्या तबकडीचीही एक गोष्ट आहे. "शोले" १५ ऑगस्ट १९७५ ला लागला, तेव्हा सुरुवातीला त्याच्या गाण्यांच्या तबकड्या कंपनीला वाटल्या होत्या तशा खपेनात. लोक थिएटरातून बाहेर पडत ते गाणी नव्हे, संवाद घोळवत. मग पॉलिडोर कंपनीनं संवादांचीच तबकडी काढली आणि ती धडाक्यानं खपली. सलीम-जावेद यांनी लिहिलेलं बोलणं लोक गाण्यासारखं पुन्हा पुन्हा ऐकू लागले.

एकदा एका लग्नात मामू माझ्या शेजारी बसले होते. भोंग्यावर तोच प्रसंग चाललेला. त्यांनी मला विचारलं, "त्याच्याबरोबर हसत होते ते कोण?"

"त्याचीच माणसं, मामू."

"मग पुढं काय झालं त्यांचं?"

"मारलं त्यानं तिघांना."

"हसता हसता?"

"हो."

मामू थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि हे लग्नात लावतात?"

तो प्रसंग मी त्यानंतर कितीदा तरी पाहिला आणि दर वेळी मामूंचा प्रश्न आठवला. रामगढहून हात हलवत परत आलेले तिघं गब्बरसमोर उभे आहेत. तो पिस्तुलातल्या तीन गोळ्या हवेत झाडतो. तीन उरतात. मग तो चक्र फिरवतो आणि एकेकाच्या डोक्याला नळी लावून चाप ओढतो. तिन्ही वेळा पिस्तूल रिकामंच वाजतं. तिघंही वाचले! गब्बर हसायला लागतो. आधी ते तिघं दबकत हसतात, मग टोळी हसते, मग डोंगर हसल्यासारखा आवाज घुमतो. अंधारात बसलेले आपणही हसत असतो, सुटल्यासारखं वाटून. आणि नेमकं तेव्हाच तो तिघांना उडवतो. त्या तिघांतला एकच लोकांच्या लक्षात आहे, कालिया. ते काम करणारे विजू खोटे मराठी रंगभूमीवरचे. पुढं त्यांनी आयुष्यभर कितीतरी भूमिका केल्या, पण लोक त्यांना त्या चार-पाच मिनिटांवरूनच ओळखत. बाकी दोघांची नावं विचारा, कोणी सांगणार नाही.

खलनायक आवडतो तो बहुधा इथंच. गब्बर आपल्याला त्याच्या हसण्यात सामील करून घेतो. ठाकूर कोणाला हसवत नाही. तो दुःखी आहे, ताठ आहे, सारखा हिशेब चुकता करायच्या गोष्टी करतो. अशा माणसाचा आदर वाटतो, पण त्याच्याजवळ कोण बसेल? गब्बर मात्र तंबाखू मळत पाय पसरून बसतो, आपल्यावर किती बक्षीस लागलंय ते माणसांना विचारतो आणि उत्तर ऐकून लहान मुलासारखा खूश होतो. त्याला मागे-पुढे काही नाही, बायको-पोरं नाहीत, लाज नाही. आपण दिवसभर सासू, साहेब, बँक, शेजारी सगळ्यांना सांभाळत जगतो. असा मोकळा माणूस पडद्यावर तीन तास बघायला बरं वाटतं, मग तो दुष्ट का असेना.

अमजद खान यांचंही कौतुक करायला हवं. त्यांचे वडील जयंत हे जुन्या जमान्यातले नामांकित नट. गब्बरसाठी आधी डॅनी यांचं नाव ठरलं होतं. ते "धर्मात्मा"च्या चित्रीकरणासाठी अफगाणिस्तानात अडकले म्हणून ही भूमिका अमजद यांच्याकडे आली. नव्या नटाचा आवाज या भूमिकेला पुरेल का, अशी शंका तेव्हा काढली गेली होती. पुढं तोच आवाज गावोगावच्या भोंग्यांवर वाजला. १९७७ मध्ये सत्यजित राय यांच्या "शतरंज के खिलाडी"त त्यांनी अवधचा नवाब वाजिद अली शाह केला. शायर, हळवा, मुकुट उतरवून देणारा राजा. किती सुंदर काम! पण स्नेहसंमेलनात वाजिद अली शाह होऊन कोणी येत नाही.

आणि मग बिस्किटं आली. ब्रिटानियाच्या ग्लुकोज बिस्किटांच्या जाहिरातीत अमजद खान गब्बरच्याच वेषात दिसले. ज्याचं नाव घेऊन आया पोरांना गप्प करत असल्याची फुशारकी तो सिनेमात मारतो, त्याच्याच नावानं आया पोरांना बिस्किट भरवू लागल्या. पुढं २०१२ मध्ये तेलुगूत "गब्बर सिंग" आला. त्यात हे नाव पोलीस अधिकाऱ्याचं. २०१५ मध्ये हिंदीत "गब्बर इज बॅक" आला आणि भ्रष्टाचाऱ्यांना धडा शिकवणाऱ्या नायकानंच ते नाव घेतलं. चाळीस वर्षांत डाकूचा नायक झाला.

पण प्रत्येक खलनायकाचं असं होत नाही. आपले निळू फुले घ्या. "सामना"तला हिंदूराव धोंडे पाटील हाही "शोले"च्याच काळातला. निळूभाऊ सेवा दलात घडलेले, अंधश्रद्धा निर्मूलनासारख्या कामांसाठी हिंडणारे, अतिशय सज्जन माणूस. तरी गावोगावच्या बायका त्यांना खरोखरच शिव्याशाप देत, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. माझ्या अम्मीनंही त्यांना कधी माफ केलं नाही. टीव्हीवर ते दिसले की ती म्हणायची, "आला मुर्दा!" आणि उठून चुलीकडे जायची. तिची चूक नव्हती. धोतर नेसलेला, हळू आवाजात बोलणारा, बाईमाणसाकडे रोखून बघणारा तो पुढारी तिनं पाहिलेला होता. रेशनच्या दुकानात पाहिला होता, सोसायटीच्या कचेरीत पाहिला होता. गब्बरला मात्र आमच्या गावात कोणीच पाहिलं नव्हतं.

चंबळच्या खोऱ्यात तो पाहिलेली माणसं होती. १९५० च्या दशकात त्या भागात गब्बर नावाचा खराच एक डाकू होता. लोकांची नाक-कान कापणारा म्हणून त्याची दहशत होती. पोलिसांनी त्याला गोळ्या घातल्या. नाक नसलेल्या माणसाच्या अंगणात कोणी दाढी रंगवून पट्टा आपटला असता, तर तो गोड दिसला असता का? खलनायक आवडायला तो आपल्यापासून लांब असावा लागतो. त्याचा मार दुसऱ्यानं खाल्लेला असावा लागतो. मला यात फार मोठं पाप दिसत नाही. मलाही गब्बर आवडतो, आणि तो पडद्यावर आला की मी हातातलं काम बाजूला ठेवते. माझं दुखणं वेगळं आहे.

सिनेमात रामगढच्या मशिदीचे इमामसाहेब आहेत. अंध, म्हातारे, काठी टेकत चालणारे. ए. के. हंगल यांनी ते काम केलंय. त्यांचा एकुलता मुलगा अहमद. आपला सचिन पिळगावकर. अहमदला जबलपूरला विडीच्या कारखान्यात नोकरी लागायची असते. अब्बांना एकटं टाकून जायला तो तयार नाही. सगळे समजावतात तेव्हा निघतो आणि वाटेत गब्बरच्या माणसांच्या हाती लागतो. गब्बर आडवा पडलाय. त्याच्या हातावर एक मुंगळा चालतोय. तो मुंगळा चिरडतो. बस, एवढंच दाखवलंय. मग अहमदचं प्रेत घोड्यावरून गावात येतं. सगळं गाव जमतं आणि कोणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. इमामसाहेब काठी टेकत येतात आणि विचारतात की एवढी शांतता का आहे.

आजच्या मुलांना हे वाक्य गब्बरच्या वाक्यांइतकंच पाठ आहे. पण ते विनोद म्हणून. वर्गात कोणी उत्तर दिलं नाही की ते म्हणायचं. क्रिकेटमध्ये भरवशाचा फलंदाज बाद झाला की त्याचं चित्र टाकायचं. हंगलसाहेबांचा तो चेहरा व्हॉट्सअ‍ॅपवर स्टिकर होऊन फिरतो.

आमच्या खानदानाचाही एक ग्रुप आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाईजानचा धाकटा मुलगा गेला. चाकणला एका कारखान्यात लागून त्याला चार महिने झाले होते. रात्रपाळी संपवून खोलीवर परतताना हायवेवर त्याच्या दुचाकीला कंटेनरनं उडवलं. दफन झालं, जियारत झाली, पाहुणे पांगले. त्यानंतर ग्रुपवर कोणी काही लिहीना. लिहायचं तरी काय? तीन आठवडे असेच गेले. एका जुम्याला पुण्यात शिकणाऱ्या माझ्या एका भाच्यानं ग्रुपवर ते स्टिकर टाकलं. वातावरण हलकं करावं, एवढाच त्याचा हेतू असणार. दोन-तीन पोरांनी हसरे चेहरेही टाकले.

भाईजानचा मला फोन आला. आधी तांदळाचा भाव, मग माझ्या गुडघ्याची चौकशी. फोन ठेवताना म्हणाले, "पोरानं वाईट मनानं नाही टाकलं. पण त्याला विचार, तो सिनेमा त्यानं पाहिलाय का."

मी विचारलं. पाहिला नव्हता! गब्बरची नक्कल तो झकास करतो, जय-वीरूची गाणी त्याला येतात, सगळं काही रीलवरून. अख्खा "शोले" त्यानं एकदाही पाहिलेला नव्हता. बकरी ईदच्या सुटीत तो आमच्याकडे राहायला आला, तेव्हा मी त्याला समोर बसवून लावला. गब्बर आला तेव्हा पोरगं त्याच्या बरोबरीनं बोलत होतं, माझ्याकडे बघून भुवया उडवत होतं. मुंगळा चिरडला गेला तेव्हा त्याला काही कळलं नाही. घोडा गावात आला आणि तो हळूहळू पुढं सरकून बसला.

इमामसाहेब दिसले. भाच्यानं चित्र थांबवलं.

"खाला, ह्यांना अजून माहीतच नाही?"

"नाही."

"गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि एकट्या ह्यांनाच नाही?"

"बघ पुढं."

पुढं ते चाचपडत मुलापर्यंत पोहोचतात. बापाच्या खांद्यावर मुलाचा जनाजा, याहून जड ओझं नाही असं म्हणतात. गावकरी घाबरून म्हणत असतात की त्या दोघा पाहुण्यांना हाकलून द्या, गब्बरचं ऐका. तेव्हा हा म्हातारा म्हणतो की मी अल्लाहला विचारणार आहे, या गावासाठी शहीद व्हायला मला आणखी मुलं का दिली नाहीस. मग अजान होते आणि तो नमाजला निघतो. हातात फक्त काठी. गब्बरला न घाबरलेला, हत्यार नसलेला गावातला तो एकटा माणूस. पन्नास वर्षांत मी कोणा मुलाला इमामसाहेब होऊन स्टेजवर आलेलं पाहिलं नाही. पाहायला मिळेल असंही वाटत नाही, आणि त्याबद्दल माझी कोणाकडे तक्रारही नाही. पांढरी दाढी लावून काठी टेकणाऱ्या पोराला टाळ्या कोण देणार?

सिनेमा संपला तेव्हा भाच्यानं एकच प्रश्न विचारला, "अहमदचं काम कोणी केलंय?" मी सचिनचं नाव सांगितलं. "अशी ही बनवाबनवी'वाला?" म्हणून त्याला खूप आश्चर्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भाईजानकडे गेला. तिथं काय बोलणं झालं ते मला दोघांपैकी कोणीच सांगितलं नाही. दुपारी परत आला तेव्हा त्याच्या काखेत एक जाडजूड फाईल होती. अपघाताच्या भरपाईचे कागद, कित्येक महिने भाईजानच्या कपाटात पडून राहिलेले. पुण्याला गेल्यावर वकिलाकडे आणि चाकणला तो स्वतः खेटे घालणार होता. पुढं घातलेही, सात-आठ वेळा.

गब्बरची नक्कल तो अजून करतो. चांगली करतो.