फाटकापाशी काढलेली टिकली

जालना, रविवार

प्रिय बाळ,


तुझं पत्र मिळालं. शाळेत टिकली लावून जातेस आणि रविवारी चर्चच्या फाटकापाशी ती काढून पर्समधल्या आरशाला चिकटवतेस. डबा उघडलास की पिशवीत काहीतरी शोधल्यासारखी मान खाली घालतेस, म्हणजे प्रार्थना उरकते आणि शेजारच्या बाईंना पत्ताही लागत नाही. शेवटी विचारलंस, "मावशी, मी खोटी ख्रिस्ती आहे का?" नाहीस गं. घाबरली आहेस.

टिकलीचं आधी सांगून टाकते. आवडत असेल तर लाव, आणि तीच लावून उपासनेला ये. मंडळीतल्या चार बायका कुजबुजतील, कुजबुजू देत. नको असेल तर शाळेतही लावू नकोस. मला खुपतो तो फाटकापाशी कपाळाकडे जाणारा हात. आत मंडळी काय म्हणेल आणि बाहेर स्टाफरूम काय म्हणेल, या दोन्ही धाकांत तुला स्वतःला काय पटतं ते विचारायचंच राहून गेलं.

लोकांच्या धाकावरून आठवलं. आपल्या जालन्याजवळच्या बेथेल या ख्रिस्ती वस्तीचं नाव तू लहानपणापासून ऐकतेस. ते वसवणाऱ्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींची गोष्ट मात्र मंडळीत कुणी नीट सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं. ब्राह्मण घरातला हा मुलगा. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पाठोपाठ धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला. तो अजून लहान होता. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलगा त्यांच्या ताब्यात दिला. पण खरा खटला पुढेच उभा राहिला. पोरगं मिशनऱ्यांच्या घरी जेवलं होतं, मग त्याला जातीत परत घ्यायचं कसं? यावरून मुंबईत रण माजलं. प्रायश्चित्त देऊन त्याला घरात घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातनी मंडळींचा रोष त्यांनी ओढवून घेतला. बाळशास्त्री काही ख्रिस्ती नव्हते. ते त्या मुलाला आपल्यातून परत नेत होते. तरीही लोकांच्या बोलण्यापुढे ताठ कसं उभं राहायचं, हे मी त्यांच्याकडूनही शिकते.

नारायणरावांना मुंबईत मिशनच्या सावलीत निवांत राहता आलं असतं. ते आले आपल्या जालन्याला, निजामाच्या मुलखात. मुख्यतः मांग समाजात त्यांनी काम केलं. पुढे निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या सरकारकडून जमीन मिळाली आणि बेथेल उभं राहिलं. जन्माने ज्यांच्या सावलीलाही उभं राहायचं नाही, त्यांच्या ओट्यावर हा माणूस बसला. १८७३ साली ते न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेला गेले, तेही डोक्याला पागोटं बांधून. गोऱ्या ख्रिस्त्यांना बरं दिसावं म्हणून त्यांनी ते उतरवलं नाही. त्यांना भीती वाटतच नसेल असं मी म्हणत नाही. घर सुटलेल्या माणसाला ती वाटणारच.

प्रभूचा शिष्य पेत्र, त्यालाही ती वाटली. अंत्युखियात तो परराष्ट्रीयांच्या पंगतीला बसत होता. यरुशलेमेहून आपली माणसं आली तशी त्याने हळूच पाट बाजूला सरकवला. पौलाने त्याला सर्वांदेखत तोंडावर सुनावलं. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढून बघ. कोण कुणाशेजारी जेवायला बसतं हे आपण जन्मापासून पाहत आलो, त्यामुळे आपल्याला तो अध्याय कुणी समजावून सांगायला लागत नाही. आणि हा पेत्र म्हणजे पन्नासाव्या दिवशी हजारोंपुढे उभा राहून बोललेला पेत्र! मोठ्या सभेत न डगमगलेला माणूस जेवणाच्या पंगतीत डगमगला. तू डब्यापाशी डगमगतेस, तर तेवढ्यावरून स्वतःला टाकून बोलू नकोस.

एक मात्र ध्यानात ठेव. आपल्या मंडळीत कागदावर एक आणि घरात एक असं जगणारी कुटुंबं आहेत. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीची सवलत जाते. शीख आणि बौद्ध झालेल्यांना ती नंतर मिळाली, आपल्याला नाही. पोराची फी आणि नोकरी जिथे टांगणीला लागते, तिथल्या गप्प बसण्याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्याशी भांडेन. निकदेमही प्रभूकडे रात्रीच आला होता. त्याने निकदेमाला दारातून परत पाठवलं नाही, आणि क्रूसावरून देह उतरवला तेव्हा गंधरस घेऊन तोच पुढे आला. तुझी नोकरी मात्र खुल्या जागेवरची आहे. तुझ्या ताटातलं काही जाणार नाही. जाईल ती चार जणींची मर्जी, आणि तीही जाईलच असं नाही.

म्हणून स्टाफरूममध्ये उभं राहून साक्ष देत बसू नकोस. रविवारी कुठे होतीस असं विचारलं तर "पाहुण्यांकडे" म्हणू नकोस, "चर्चला" म्हण. शेजारच्या बाईंच्या सासूबाईंचं ऑपरेशन झालंय असं तू लिहिलंस. त्यांना सरळ सांग, "मी त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करते." आजारपणात आपल्याकडे कुठल्याही देवाचं नाव कुणी परतवून लावत नाही. आपल्याबद्दल त्या काय म्हणत असतील याचाच विचार तू इतके दिवस केलास. आता त्यांच्या घरात काय चाललंय याचा कर. भीती लगेच जाणार नाही, पण तुला तिच्याकडे बघायला फुरसत राहणार नाही. कुणी हसलंच तर लागेल. लागू दे, आणि मला लिही.

दिवाळीला त्या सगळ्यांच्या घरचा फराळ तू खाल्लास. आता नाताळला त्यांना आपल्याकडे जेवायला बोलाव, आणि कशाचं जेवण आहे ते नाव घेऊन सांग. तू दोन दिवस आधीच ये. करंज्यांना हात लागतील.

तुझी,
मावशी