फर्ग्युसनचे पॉइंट

7 सप्टेंबर 2025, इंदूर

काल अनंत चतुर्दशीच्या झांक्या बघत रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर होतो. गिरण्या कधीच्या बंद पडल्या, पण त्यांच्या नावाच्या झांक्या अजून निघतात, आणि हलते देखावे बांधणारे कारागीर अजून या शहरात आहेत. मला त्याचं दरवर्षी अप्रूप वाटतं.

सकाळी दादाचा फोन आला. आजोबांचा फर्ग्युसन ट्रॅक्टर पावसाळाभर शेडमध्ये उभा होता, आता काही केल्या सुरू होत नाही. देपालपूरहून मिस्त्री बोलावला, तर तो बॉनेट उघडून विचारतो, "इसका नोजल किधर है?" त्याची चूक नाही. आपल्याकडे ट्रॅक्टर म्हणजे डिझेल. डिझेलला ठिणगी लागतच नाही, दाबाने तापलेल्या हवेत ते आपोआप पेटतं. तिशीतल्या त्या पोराने प्लग असलेला ट्रॅक्टर कुठे बघितला असणार?

खंडेनवमी 1 ऑक्टोबरला आहे. दरवर्षी त्या दिवशी फर्ग्युसन स्वतःच्या पायांनी अंगणात येतो आणि मग त्याची पूजा होते. दादा म्हणाला, "या वर्षी ढकलत आणायची वेळ आली, बघ." ते मला चालणार नाही. परवा जाते.

9 सप्टेंबर, शेतावर

हातोदच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कांस फुललाय. लांबून फार देखणा दिसतो, पण याच गवताने एके काळी मध्य भारतातली लाखो एकर जमीन गिळली होती. मुळं इतकी खोल की बैलाचा नांगर वरवरच खरवडत जायचा. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या ट्रॅक्टर संघटनेने साखळीपट्ट्याचे अजस्र ट्रॅक्टर या कामाला लावले. त्यासाठी 1949 मध्ये जागतिक बँकेकडून 1 कोटी डॉलरचं कर्ज घेतलं होतं. स्वतंत्र भारताला त्या बँकेने दिलेलं हे दुसरंच कर्ज. पहिलं रेल्वेला गेलं, दुसरं या गवताच्या मुळांवर. आजोबांनी ती धुडं चालताना पाहिली आणि घरी येऊन म्हणाले, आपल्याला एवढा मोठा नको, पण ट्रॅक्टर हवा. 1953 साली त्यांनी हा घेतला.

राखाडी रंगाचा टीई-20, कॉव्हेन्ट्रीच्या बॅनर लेन कारखान्यातला. तिथून 1946 ते 1956 या दहा वर्षांत असे पाच लाखांवर ट्रॅक्टर बाहेर पडले. आमचा केरोसीनवर चालणाऱ्या प्रकारातला आहे: पेट्रोलवर सुरू करायचा, इंजिन तापलं की चावी फिरवून केरोसीनवर न्यायचा. आता केरोसीन कुठून आणायचं? गेली काही वर्षं तो पेट्रोलच पितो.

मी चालकाच्या जागेवर बसले आणि गिअरचा दांडा 'एस'च्या खुणेकडे ढकलला. याला स्टार्टरचं वेगळं बटण नाही. त्याच दांड्याने स्टार्टर लागतो, म्हणजे गिअरमध्ये असताना हा ट्रॅक्टर सुरू होऊच शकत नाही. माणूस चाकाखाली येऊ नये याची किती साधी आणि पक्की सोय! स्टार्टर छान फिरला. बॅटरी ठीक, कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल येतंय. प्लगची वायर काढून इंजिनच्या अंगाजवळ धरली, तर ठिणगीचा पत्ता नाही.

डिस्ट्रीब्युटरची कॅप काढली, रोटर उपसला. खाली सीबी पॉइंटची जोडी, दोन्ही तोंडांवर राखेसारखा करडा थर. पातळ कानसपट्टी एकदाच दोन्ही तोंडांमधून ओढली, मग कोरा कागद फिरवला. कागदावर काळी रेघ उमटली. कॅप बसवली, दांडा 'एस'कडे, आणि दुसऱ्या फेरीला इंजिन लागलं.

दादा हसला. "झालं की! आता ते इलेक्ट्रॉनिक प्रकरण कशाला?" (भाच्याने पॉइंटच्या जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक किट इंग्लंडहून मागवलंय ही बातमी वहिनीने फोडली होती.)

10 सप्टेंबर

दादाला उत्तर द्यायचं आहे, आणि ते नीट द्यायचं आहे.

पॉइंट म्हणजे एक बटण. कॉइलमधून करंट वाहत असतो, कॅमचा उंचवटा आला की पॉइंट उघडतात, करंट एकदम तुटतो आणि त्या तुटण्याच्या झटक्याने कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट उभे राहतात. पॉइंटमध्येच ठिणगी पडून ते जळू नयेत आणि करंट झटक्यात तुटावा म्हणून शेजारी कंडेन्सर. ओहायोतल्या शेतकरी घरात वाढलेल्या चार्ल्स केटरिंगने 1910 च्या सुमारास मोटारीसाठी ही रचना पक्की केली, आणि पुढे साठ वर्षं जगातली बहुतेक पेट्रोल इंजिनं तिच्यावर चालली. आमचं इंजिन दोन हजार फेऱ्यांवर असेल तेव्हा हे बटण मिनिटाला चार हजार वेळा उघडतं आणि मिटतं. एवढ्या साध्या वस्तूने इतकं काम करावं, याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण हे बटण रोज राबणाऱ्या यंत्रासाठी आहे. रोज चालणाऱ्या इंजिनात पॉइंट उघडता-मिटता आपली तोंडं स्वच्छ ठेवतात. झिजतात, पण झीज फीलर गेजने भरून काढता येते. उभ्या ट्रॅक्टरचे पॉइंट झिजत नाहीत, त्यांच्यावर थर चढतो. आमच्या कॉइलचा रोध जवळजवळ 3 ओहम, म्हणजे 12 व्होल्टला करंट 4 अँपिअर. पॉइंटवरच्या थराने नुसता अर्धा ओहम वाढवला तर करंट 3.4 वर येतो. ठिणगीची ऊर्जा करंटच्या वर्गाने बदलते, म्हणजे पाव हिस्सा तिथेच गेला. थर आणखी जाड झाला की ठिणगीच नाही. पूर्वी हा ट्रॅक्टर पेरणीपासून मळणीपर्यंत जुंपलेला असायचा, आता महिन्यातून एखाद्या दिवशी चालतो. चालण्याची रीतच बदलली, म्हणून बटणही बदलायला हवं. माझं म्हणणं एवढंच आहे.

नव्या बटणाला तोंडं नाहीत. कॅमवर चुंबकाचं कडं बसतं, शेजारी हॉल परिणामावर चालणारा छोटा सेन्सर. चुंबक समोरून गेला की त्याला कळतं आणि ट्रान्झिस्टर करंट तोडतो. एडविन हॉलला हा परिणाम 1879 मध्ये सोन्याच्या पातळ वर्खात सापडला. नोकरीत असताना प्रयोगशाळेत मुलांकडून हा प्रयोग वर्षानुवर्षं करून घेतला. तो आजोबांच्या ट्रॅक्टरच्या टोपीखाली जाऊन बसेल असं तेव्हा मनातही नव्हतं.

13 सप्टेंबर, इंदूर

छावणीतल्या उस्तादांकडे डिस्ट्रीब्युटर घेऊन गेले. आयुष्य अॅम्बॅसेडर, फियाट आणि जीपमध्ये गेलेला माणूस. आता दुकान मुलगा बघतो, तो स्कॅनर लावून दोष वाचतो. उस्ताद दाराशी खुर्ची टाकून बसतात, पण डिस्ट्रीब्युटर दिसताच उठले.

त्यांनी कॅप काढलीच नाही. आधी शाफ्टचं टोक दोन बोटांत धरून आडवं हलवलं. मग माझी बोटं तिथे ठेवायला लावली. "देखिए दीदी, नाच रहा है." खरंच हलत होतं, डोळ्याला न दिसणारं, बोटाला कळणारं. बुश झिजलाय. शाफ्ट असा डोलतो तेव्हा पॉइंटची फट प्रत्येक सिलिंडरला वेगळी होते. आपण दहा-बारा थाऊंवर (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लावावी, आणि फिरताना ती एकीकडे आठ, एकीकडे पंधरा व्हावी. "पहले इसका हिलना बंद कराइए, फिर जो लगाना है लगाइए."

हे वाक्य मी लिहून ठेवतेय, कारण जुनी गाडी बिघडली की लोक पहिला दोष पॉइंटला देतात, किट बसवतात आणि मग किटलाही शिव्या घालतात. चुंबकाला फटीचा फरक पॉइंटइतका बाधत नाही हे खरं, पण डोलणाऱ्या शाफ्टवरचं कडंही डोलतंच, आणि टायमिंग पुढेमागे होत राहतं.

17 सप्टेंबर

लोहामंडीजवळच्या खरादवाल्याने गनमेटलचा बुश काढून दिला. शाफ्ट बसला. हलत नाही.

20 सप्टेंबर

किट आलं. तळहातावर मावेल एवढं काळं मोड्यूल, चुंबकाचं कडं, दोन वायर: लाल आणि काळी. माहितीपत्रक वाचलं आणि थांबले. किट निगेटिव्ह अर्थचं आहे, फर्ग्युसन पॉझिटिव्ह अर्थचा. त्या काळच्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचं अधिक टोक सांगाड्याला जोडायची पद्धत होती. पॉइंटला करंट कुठल्या दिशेने येतो याच्याशी देणंघेणं नसतं, ट्रान्झिस्टरला असतं. उलटा जोडला तर क्षणात मरतो, आणि त्याला कानस लावून जिवंत करता येत नाही.

भाचा फोनवर म्हणाला, "आत्या, परत पाठवून दुसरं मागवू का?" पॉझिटिव्ह अर्थचीही किटं मिळतात, पण खंडेनवमीच्या आत यायची नाहीत. आणि ट्रॅक्टरची दिशा बदलणं अवघड नाही. त्याला सांगितलं, राहू दे.

24 सप्टेंबर, शेतावर

सकाळपासून भुरभुर. शेडमध्ये बल्ब टांगून काम केलं, दादा पाने द्यायला. कुरकुर चालूच होती, पण हातात पाना नेमका योग्य मापाचा यायचा.

आधी बॅटरी फिरवली: वजा टोक सांगाड्याला, अधिक टोक स्टार्टरकडे. दादाची शंका रास्त होती: स्टार्टर आता उलटा फिरणार का? नाही फिरत. त्याच्या आतली चुंबकं कायमची नसतात, तीही त्याच करंटने तयार होतात. करंटची दिशा उलटली की आर्मेचर आणि फील्ड दोन्ही एकदम उलटतात, त्यामुळे फिरण्याची दिशा तीच राहते. मी सांगितलं तरी दादाने दांडा 'एस'ला लावून स्वतः खात्री केली, आणि मला ते आवडलं. डायनॅमोला मात्र नवी दिशा शिकवावी लागते. त्याच्या लोखंडात जुन्या चुंबकत्वाचा अंश उरलेला असतो. फील्डच्या टोकाला बॅटरीच्या अधिक टोकाची वायर क्षणभर टेकवायची, बारीक ठिणगी उडते, काम झालं. अँपिअर मीटरच्या आणि कॉइलच्या वायरींची अदलाबदल केली.

मग पॉइंट आणि कंडेन्सर काढले. मोड्यूल त्याच जागी, त्याच स्क्रूवर बसलं. एकही नवं भोक पाडावं लागलं नाही. पाडावं लागलं असतं तर हे काम मी केलंच नसतं. आजोबांच्या यंत्रात बदल करायचा तो असा, की उद्या कोणाला नको वाटला तर अर्ध्या तासात मागे नेता यावा. कडं कॅमवर घट्ट दाबलं, रोटर शेवटपर्यंत खाली गेला की नाही ते पुन्हा तपासलं. लाल वायर कॉइलच्या अधिक टोकाला, काळी वजाला. फ्लायव्हीलवरची खूण जुळवली.

इंजिन अर्ध्या फेरीत लागलं. दादाने थ्रॉटल खाली घेतला, आणखी खाली घेतला, आणि इतक्या मंद फेऱ्यांवरही फर्ग्युसन चारही सिलिंडरवर एकसारखा चालत राहिला. पूर्वी या टप्प्यावर तो हटकून चुकायचा. ते श्रेय एकट्या किटचं नाही, निम्मं तरी उस्तादांच्या दोन बोटांचं आहे. ताकद वाढली का? नाही, आणि वाढायचीही नव्हती. ठिणगी वेळेवर आणि सारखी पडते, इतकंच.

तास-दीड तास चालवल्यावर एकदा चुकला, मग पुन्हा. तापलेलं मोड्यूल? हात लावून पाहिला, कोमट. मला प्लगच्या वायरींचा संशय आहे.

27 सप्टेंबर, इंदूर

संशय बरोबर असावा. आमच्या प्लगच्या वायरी जुन्या पद्धतीच्या, आत निव्वळ तांब्याच्या तारा. त्यांतून ठिणगी जाताना रेडिओला खरखर आणणाऱ्या लहरी उठतात. पॉइंटला त्यांचं काही नव्हतं, पण सेन्सर गोंधळू शकतो. आत कार्बनचा गाभा असलेल्या रोधवाल्या वायरी हव्यात. महाराणी रोडवर विजेचं सगळं मिळतं, हे मिळालं नाही. नवलख्याला एका मोटार पार्टवाल्याने जुन्या मारुतीचा संच काढून दिला. लांबी पुरेल, टोकं बदलून घेईन.

1 ऑक्टोबर, खंडेनवमी

नव्या वायरींवर तासभर चालला, एकदाही चुकला नाही. अंगणात तो स्वतः आला. वहिनीने झेंडूचा हार घातला, कोयते, विळे, पाने, कानशी सगळं पाटावर मांडलं. दादाने काढलेल्या पॉइंटची जोडी त्यातच ठेवली आणि तिलाही कुंकू लावलं. देपालपूरचा तो मिस्त्री प्रसादाला आला होता. त्याला कॅप उघडून आतलं सगळं दाखवलं. त्याने विचारलेले प्रश्न माझ्या किती तरी विद्यार्थ्यांच्या प्रश्नांपेक्षा चांगले होते: चुंबक तापून उतरला तर? बॅटरी अगदी पडली असेल तर सेन्सर जागा होतो का?

दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे. पॉइंटचा ट्रॅक्टर मरतुकड्या बॅटरीवरही हँडल मारून सुरू व्हायचा. मोड्यूलला जागं व्हायला किमान काही व्होल्ट लागतातच. हे नुकसान आहे, आणि ते मी दादाला स्पष्ट सांगितलं.

5 ऑक्टोबर

सोयाबीनची कापणी सुरू झाली. मोठं काम डिझेलवालेच करतात, फर्ग्युसनकडे शेतातून खळ्यापर्यंत छोटी ट्रॉली ओढायचं काम दिलंय. दादा म्हणाला आठवड्यातून दोनदा तरी त्याला जुंपीन. जरूर जुंप.

टूलबॉक्समध्ये ठेवलं: घासून, कागदात गुंडाळलेले जुने पॉइंट, कंडेन्सर, फीलर गेज, आणि दोन्ही जोडण्यांचं चित्र, मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत. डॅशवर तांबड्या रंगात 'वजा टोक सांगाड्याला' असं लिहिलं, म्हणजे नवी बॅटरी बसवणारा जुन्या सवयीने उलटी लावणार नाही. दादाला बजावलं, इंजिन बंद असताना चावी चालू ठेवायची नाही, मोड्यूल आणि कॉइल दोन्ही तापतात. डायनॅमोचे कार्बन ब्रश बरेच झिजलेत. ते दिवाळीआधी उस्तादांकडून बदलून घ्यायचे, आणि त्या वेळी देपालपूरच्या मिस्त्रीला सोबत न्यायचं.